अकरा एकांचा भागाकार

३ जून

प्रिय खोडरबर,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. तुझ्या घरची वरची खोली माझ्यासाठी रिकामी केली, जिन्याला कठडा बसवला, डॉक्टर दोन घरं सोडून राहतात, सगळं वाचलं. मला काही विचारलं आहेस असं एकही वाक्य सापडलं नाही, नुसतं सांगितलं आहेस. धाकट्या भावानं मोठ्या बहिणीला विचारायचं असतं, एवढं तरी या वयात तुला कळायला हवं.

तरी तुझं म्हणणं खोटं नाही. फेब्रुवारीत माझ्या मेंदूत गुठळी झाली आणि मी स्वयंपाकघरात पाच तास पडून होते. माझ्या उघड्या नळाचं पाणी खालच्या शिंप्याच्या छतातून ठिबकायला लागलं, म्हणून तो वर आला. डावा हात अजून परक्याचा वाटतो. फोनवर शब्द अडकतात, म्हणून मी फोन उचलत नाही. कागदावर अडकत नाहीत हे तू बघतोच आहेस. एप्रिलमध्ये गॅस चालू ठेवून मी बाजारात गेले, हेही खरं. आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय की लक्ष टिकेल याची खात्री नाही, एकटीनं राहू नये.

माझं लक्ष त्यांनी कसं मोजलं ते ऐक. चावी, रुमाल, पेला अशी तीन नावं सांगितली आणि पाच मिनिटांनी परत विचारली. अरे, मी चौतीस वर्षं मोजणी कचेरीत आकडेमोडीच्या खोलीत बसले. डोंगरांच्या उंच्या, नद्यांच्या रुंद्या, सात-सात आकडी कोष्टकं, सगळं हातानं. माझी परीक्षाच घ्यायची तर माझ्या कामात घ्या.

म्हणून मी एक ठरवलंय. एकापुढे एक असे अकरा एक लिही. ११,११,११,११,१११. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही संख्या फुटते का, म्हणजे तिला कुठल्या लहान संख्येनं पूर्ण भाग जातो का, हा प्रश्न. तीन एक घेतले तर ते तीन आणि सदतीसनं फुटतात. पाच एक एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तरनं. सात एक २३९ आणि ४६४९ नं. अकरांचं काय? आमच्या मोठ्या साहेबांनी एकदा हा प्रश्न फळ्यावर लिहिला होता आणि म्हणाले होते, रिकामा वेळ मिळाला तर बघा. चौतीस वर्षांत तो मिळाला नाही. आता हवा तेवढा आहे.

साहेबांनी एक खूणही दिली होती. अकरा एकांना भाग गेलाच, तर अशाच मूळ संख्येनं जाईल जिला बाविसानं भागल्यावर बाकी एक राहते. २३, ६७, ८९, १९९ अशा. बाकीच्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. आणि १,०५,४०९ च्या पुढेही जायचं नाही, कारण दोन भागांतला लहान भाग त्याच्या आतच सापडला पाहिजे. म्हणजे हजाराच्या आसपास भागाकार. रोज दहा ओळींचा एक कागद केला तर सप्टेंबरात संपेल.

यंत्रावर हे क्षणात होतं, मला माहीत आहे. कुठल्यातरी पुस्तकात छापलेलंही असेल, आणि तू शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांतच बसतोस. पण यंत्र नाही आणि पुस्तकही नाही. मी सप्टेंबरअखेर बरोबर उत्तर काढलं तर मी इथेच राहीन आणि वरच्या खोलीचा विषय पुन्हा निघणार नाही. चुकले तर एक ऑक्टोबरला सामान बांधते. शब्द देते.

आता तुझं काम. आमच्या खोलीत कुणीही स्वतःच्या उत्तराला बरोबर म्हणायचं नाही असा नियम होता. पहिला हात आकडेमोड करायचा. दुसरा हात समोरच्या टेबलावर, पहिल्याचं उत्तर न बघता, तीच आकडेमोड करायचा. मग दोन्ही शेजारी ठेवायची आणि जुळली तर दुसऱ्यानं खाली 'जुळले' लिहून सही करायची. नाही जुळली तर ओळीचा क्रमांक सांगायचा, बाकी अवाक्षर नाही. मला दुसरा हात हवा आहे. तुला भागाकार येतो अशी माझी समजूत आहे.

ताई

११ जून

ताई,

पत्र वाचलं आणि तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईंनी होकार मागितलेलाच नाही, तुम्ही कसला विचार करताय?" म्हणून कळवतो की अट मान्य आहे.

मान्य आहे पण आवडलेली नाही. संख्या फुटते की नाही आणि तू गॅस बंद करतेस की नाही, या दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात बसत नाही. तुला बसतो, तर ठीक आहे. तुझ्याशी वाद घालून कोण जिंकलंय? लहानपणी तुझ्या पाटीवरचं पुसून पुसून मला खोडरबर नाव पडलं, पण पुसलेलं तू पुन्हा लिहायचीसच.

पहिले चार कागद मिळाले. सोबत परत पाठवतो, खाली सही केली आहे. चाळीसच्या चाळीस ओळी जुळल्या. यंत्र नाही, पुस्तक नाही, ठरल्याप्रमाणे.

जेवणवेळा सांभाळ. गोळ्या चुकवू नकोस. खोली तयारच आहे, एवढं फक्त सांगतो आणि थांबतो.

खोडरबर

२ जुलै

प्रिय खोडरबर,

सोबत एकवीस ते सत्तावीस हे कागद. आधीचे सगळे तुझ्या सहीनिशी परत आले. तुझा वेग बघून मी थक्क आहे. सातचा पाढा म्हणताना रडणारा पोरगा चाळीस भागाकार दोन दिवसांत उरकतो, म्हणजे ग्रंथालयात तुला दुसरं काम दिसत नाही.

माझा दिवस आता मार्गी लागलाय. सकाळी चहा, गोळ्या, मग टेबल खिडकीशी ओढायचं. डाव्या हाताखाली कागद दाबून धरायला जमत नव्हतं, तर शिंप्यानं त्याची जुनी इस्त्री आणून दिली. कागदाच्या कोपऱ्यावर ठेवली की हलत नाही. तो रोज वर येतो आणि दारातूनच विचारतो, "मावशी, आकडा फुटला का?" मी नाही म्हटलं की तो असा चेहरा करतो की जणू त्याच्याच दुकानाला टाळं लागलंय. त्याला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण परवा म्हणाला, "एवढे एक एका रांगेत उभे आहेत म्हणजे आतून एकमेकांना धरून असणार." त्याला काय सांगणार.

एक गोष्ट या संख्येची मला आधी लक्षात आली नव्हती. साधा भागाकार करताना वरून पुढचा अंक खाली घेतो, तेव्हा कितवा घेतला ते अंकच सांगतो. चार झाला, आता सात, आता दोन. इथे सगळेच एक. खाली घेतला तोही एक, घ्यायचा राहिला तोही एक. कुठे पोचलो ते संख्या सांगत नाही, आपणच मोजायचं. थकल्यावर फार जपावं लागतं. पहिल्या आठवड्यात दोनदा बारा एक घेतले आणि खोडले.

खरं सांगायचं तर मला फेब्रुवारीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. टेबलाशी बसते तेव्हा समोर तू बसला आहेस असं धरून चालते. तू वर बघत नाहीस, मी वर बघत नाही, दोघांच्या पेन्सिली चालल्या आहेत. चौतीस वर्षं अशीच गेली, आणि ती माझी चांगली वर्षं होती.

गॅसचं म्हणशील तर तो बंद केला की मी शेगडीची चावी काढून गळ्यात घालते. तिला दोरी लावली आहे. गळ्यात चावी नसेल तर दाराबाहेर पडत नाही.

ताई

१४ जुलै

ताई,

एकवीस ते सत्तावीस मिळाले. जुळले. सह्या केल्या आहेत.

तुला थकवा येतो असं लिहिलं आहेस, ते वाचल्यापासून मला चैन नाही. रोज दहाच ओळी कशाला? पाच कर. घाई कुठे आहे? आणि हे बघ, तुला वाटलं तर मागचे काही कागद पुन्हा डोळ्यांखालून घाल. विशेष असं काही नाही. आपलं सहज. परीक्षेत आम्ही मुलांना सांगतो ना, पेपर द्यायच्या आधी एकदा बघून घ्या, तसं.

इकडे सगळे बरे. तुझी भावजय गुडघ्यानं त्रासली आहे. वरच्या खोलीतून दुपारी छान वारा येतो. मी तिथे एक टेबल नेऊन ठेवलं, खिडकीशीच.

खोडरबर

२३ जुलै

खोडरबर,

'मागचे काही कागद.' कुठले? आणि 'विशेष असं काही नाही' म्हणजे काय? दुसऱ्या हातानं ओळ सांगायची असते नाहीतर गप्प बसायचं असतं. आमच्याकडे एक गृहस्थ होते, ते प्रत्येक कागद परत देताना म्हणायचे, एकदा बघून घ्या हं. तीन महिन्यांत साहेबांनी त्यांना नकाशे गुंडाळायला पाठवलं.

तुझ्या सह्या मी सगळ्या पाहिल्या. सत्तावीस कागद, सत्तावीस वेळा 'जुळले'. म्हणजे जुळलेच आहेत. मग पुन्हा बघ कशासाठी? मी थकले असं मी लिहिलं म्हणून? तुला मी म्हातारी आणि आजारी दिसते, आणि म्हातारीला हळूच सांगायचं असतं असं तुला वाटतं. मला हळूच सांगितलेलं आवडत नाही, हे तुला जन्मापासून माहीत आहे.

रोज दहाच होतील. अठ्ठावीस ते पंचेचाळीस सोबत आहेत. टेबल तुझ्याजवळच ठेव.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

रागावू नकोस. कागद जुळले, पाठवतो आहे.

समज, संख्या फुटलीच नाही, तरी त्यात तुझी हार आहे असं मला वाटत नाही. तू इतकं केलंस हेच पुष्कळ. परीक्षेचं काय, ती आपणच ठरवलेली, आपणच मोडू शकतो. तू इथे आलीस तर हरलीस म्हणून येणार नाहीस, बहीण म्हणून येशील. मला एवढंच म्हणायचं होतं.

पत्र छोटं लिहितो, शाळेत पुस्तकांची मोजदाद चालू आहे.

खोडरबर

१९ सप्टेंबर

खोडरबर,

दीड महिना तुला कागदांखेरीज काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. सोमवारी शेवटचा कागद झाला. एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत गेले. एकदाही बाकी शून्य आली नाही.

म्हणजे संख्या फुटत नाही असं लिहून मी तुला पाठवणार होते. शिंप्याला सांगितलं तर तो खाली मान घालून निघून गेला. पण आमच्याकडे काम संपलं असं म्हणायच्या आधी उतारा करायचा असतो. सगळे भागाकार एका लांब कागदावर एकाखाली एक लिहायचे, उजवीकडून घरं जुळवून. काही तपासायचं म्हणून नाही. साहेबांना स्वच्छ कागद लागायचा, एवढंच. मंगळवारी बसले, बुधवारी बसले. भाजक वाढतो तसा भागाकार हळूहळू उतरत जातो आणि अकरा हजारांच्या पुढे शेवटपर्यंत तो सहा आकडीच राहतो. स्तंभाची डावी कड फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ यायला हवी.

काल दुपारी त्या कडेत एक घर रिकामं दिसलं. पंचविसावा कागद, भाजक २१,६४९, भागाकार ५१,३२३. पाच आकडी. बाकी १९,४८४.

मी हात धुऊन आले. मग कोऱ्या कागदावर अकरा एक लिहिले, प्रत्येकावर बारीक क्रमांक घातला आणि पहिल्यापासून भाग दिला. दहाव्या एकापाशी बाकी १९,४८४ आली. तिथेच मी जूनमध्ये थांबले होते. एक एक घ्यायचा राहिला होता. तो खाली घेतला, १,९४,८४१ झाले. २१,६४९ नव्वे १,९४,८४१. बाकी शून्य.

फुटला. २१,६४९ गुणिले ५,१३,२३९. गुणाकार उलटा करून पाहिला, अकराच्या अकरा एक आले, एकाचाही चेहरा वेगळा नाही. मी खिडकीतून शिंप्याला हाक मारली, तो मापाची फीत गळ्यात तशीच घेऊन धावत आला आणि आम्ही दोघं मूर्खासारखे हसत बसलो. डाव्या हातानंही टेबलावर थाप मारली मी, आणि ती मला कळली.

मग संध्याकाळी पंचविसावा कागद पुन्हा हातात घेतला. खाली तुझी सही होती. 'जुळले'.

आता मला नीट सांग. तूही तोच भागाकार केलास आणि तूही नेमका तोच एक गाळलास, असं झालं का? होऊ शकतं, चौतीस वर्षांत मी दोनदा पाहिलंय. नाहीतर तू केलाच नाहीस. निदान नवाचा पडताळा तरी. बाजूला नऊ टाकून आकडे मिळवायचे, अर्धं मिनिट लागतं. अकरा एकांचे उरायला हवे होते दोन, या ओळीत उरतो एक. शाळेतल्या मुलालाही दिसलं असतं.

मी पैज जिंकले का हरले ते नंतर बघू. आधी हे लिही. पान पुसू नकोस.

ताई

२६ सप्टेंबर

ताई,

पुसत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी पुस्तक उघडलं. गणिताच्या कपाटात तळाशी होतं, कुणी कधी नेलेलं नाही. शेवटी कोष्टक आहे. अकरा एकांपुढे दोन संख्या छापल्या आहेत, तुला आता माहीत आहेत त्याच. पुस्तक उघडणार नाही असं मी तुला लिहिलं तेव्हा ते माझ्या टेबलावर उघडं होतं.

मी एकही भागाकार केला नाही. एकही नाही, ताई. उत्तर माहीत असताना कशाला करायचे, असं वाटलं. कागद आला की सही करायचो. तू किती पुढे आलीस तेवढं बघायचो आणि २१,६४९ ची वाट बघायचो. तिथे शून्य लिहून येईल, मी तुझं अभिनंदन करीन, आणि मग काय करायचं ते मला कळत नव्हतं, कारण मला तू इथे हवी होतीस.

पंचविसावा कागद आला. त्या ओळीत शून्य नव्हतं. ती ओळ मी पुन्हा वाचली. आणि लगेच, त्याच मिनिटाला, मला बरं वाटलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. तू चुकलीस याचं मला बरं वाटलं. आता ती येईल, वाद नाही, भांडण नाही, तिनंच शब्द दिलाय. मी सही केली. मग रात्रभर लाज वाटली म्हणून 'मागचे कागद बघ' असं अर्धवट लिहिलं. सरळ ओळ सांगितली असती तर तू जिंकली असतीस. गप्प बसलो असतो तर निदान निर्लज्ज तरी ठरलो असतो. मी दोन्ही केलं नाही.

मला तुझ्या गॅसची भीती नाही. मला त्या पाच तासांची भीती आहे. तू पडली होतीस तेव्हा मी इथे शाळेत पुस्तकांवर चिकटपट्टी लावत होतो, दुपारचा चहा पीत होतो, कुणाच्या तरी विनोदावर हसलो होतो. मी त्या दिवसाचा हिशेब कितीदा मांडला आहे. दर वेळी मी कुठेतरी हसतोच आहे. तू वरच्या खोलीत असलीस तर असं होणार नाही, एवढाच माझा विचार होता. तुझा विचार त्यात नव्हता.

तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताईंचं एक चुकलं. तुमचे शंभर कागद चुकले." 

तू जिंकलीस. खोलीचा विषय पुन्हा काढणार नाही. तुला माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर तेही मी समजू शकतो.

खोडरबर

३ ऑक्टोबर

खोडरबर,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा इतका संताप आला की उत्तर लिहिलं असतं तर तू जन्मभर जपून ठेवलं असतंस. म्हणून थांबले.

आधी पैजेचं. उत्तर मी माझ्या हातानं काढलं, चूक माझ्या डोळ्यांनी शोधली, आणि सप्टेंबर संपायच्या आत. मी इथेच राहणार. यावर चर्चा नको.

पण चूक माझीच होती, ती मी तुझ्यावर ढकलत नाही. हजार ओळींत एक गेली, आणि गेली ती नेमकी तीच. डॉक्टर म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. पूर्वीही माझ्या ओळी चुकायच्या, महिन्याला एखादी. साऱ्यांच्याच चुकायच्या. साहेबांनी त्यासाठी कुणाला घरी पाठवलं नाही, समोर दुसरं टेबल मांडलं. तेव्हा मीही मांडलंय. शिंपी रोज सकाळी दुकान उघडताना, आणि मग दिवसभर दर दोन तासांनी, कात्रीनं पाण्याचा पाइप वाजवतो, मी वरून चमच्यानं वाजवते. मी वाजवलं नाही तर तो वर येतो, त्याच्याकडे किल्ली दिली आहे. दिवसा पाच तास पुन्हा होणार नाहीत. फार तर एक रात्र, आणि रात्रीचं कुणाचं कोण बघतं. तुझ्या घरीही तू घोरतच असणार.

आता तुझं. पुस्तक उघडलंस याचा मला राग नाही, तो तुझा स्वभाव आहे. मी चुकले तेव्हा तुला बरं वाटलं, त्याचाही नाही. मला तू इतका हवा असतास तर मलाही वाटलं असतं. राग कशाचा आहे ते सांगते. चार महिने मी रोज टेबलाशी बसले ते समोर कुणीतरी बसलंय असं समजून. ओळ अवघड आली की वाटायचं, खोडरबरालाही आता हीच ओळ अवघड जात असेल. कंटाळा आला की वाटायचं, तोही कंटाळला असेल, पण उठला नसेल, तर मी कशी उठू. समोर कुणीच नव्हतं. मी फेब्रुवारीत पाच तास जमिनीवर एकटी होते त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही. तेव्हा मला ठाऊक तरी होतं की मी एकटी आहे.

हे लिहिताना मी रडले. लिहून ठेवते, कारण तू विचारणार नाहीस.

तोंड बघायची इच्छा वगैरे नाटकं नकोत. सोबत पार्सल आहे. त्यात सगळे कागद आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझ्या सह्यांवर मी एक एक रेघ मारली आहे. आता तू हे काम कर. उत्तर तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, त्यामुळे त्यातून काही मिळवायचं नाही. पण शंभर कागदांवर माझ्या भावानं खोटं लिहिलंय, ते मला घरात ठेवता येणार नाही. माझ्या ओळी पाकिटात बंद केल्या आहेत, एका कागदाला एक पाकीट, वर नुसते भाजक. आधी भागाकार कर, मग पाकीट उघड. रोज एक कागद. जमलं नाही असं कळवलंस तरी चालेल. जुळले असं न करता लिहिलंस तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

ताई

२० ऑक्टोबर

ताई,

पार्सल मिळालं. शाळा सुटल्यावर बसतो. भागाकार मी चाळीस वर्षांत केलेला नव्हता, पहिले तीन दिवस नुसती सवय करण्यात गेले. तुझी भावजय समोर बसून शेंगा सोलते आणि मी वर बघितलं की म्हणते, "खाली बघा."

पहिला कागद, दहा ओळी, आज संध्याकाळी झाला. पाकीट त्यानंतर उघडलं.

ओळ एक, भाजक २३. बाकी माझी दहा, तुझी दहा.

ओळ दोन, भाजक ६७. माझी अठरा, तुझी अठरा.

ओळ तीन, भाजक ८९. माझी पंचेचाळीस, तुझी सहा. जुळत नाही.

सही केलेली नाही.

खोडरबर